जंगल तुटून गेल्यावर सुरू होणारं उत्सर्जन : इंडोनेशियाच्या पीट जमिनी

पाणथळ (धागाकर्ता)

"इंडोनेशियात जंगलतोड घटली" किंवा "पुन्हा वाढली" अशी बातमी दरवर्षी येते. किती हेक्टर गेलं तो आकडा, मागच्या वर्षाशी तुलना, आणि विषय संपतो. जमीनवापर बदलला की किती कार्बन हवेत जातो याबद्दल मी काही वर्षं जमेल तसं वाचतो आहे. या बातम्यांमध्ये त्या देशाच्या हिशोबातली फार मोठी बाजू येतच नाही, हे मला दर वेळी खटकतं. झाडं तुटून ट्रकमध्ये भरून गेली की ती बाजू सुरू होते आणि पुढची कितीतरी वर्षं चालूच राहते.

याचं कारण तिथली जमीन. सुमात्राचा पूर्व किनारा, कालिमांतानचा म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागाचा सखल प्रदेश, आणि पापुआचा दक्षिण भाग. इथे नद्यांच्या मधल्या सपाटीवर वर्षभर पाणी साचलेलं असतं. पडलेली पानं, फांद्या, मुळं पाण्याखाली गेली की त्यांना हवा मिळत नाही, त्यामुळे कुजणं अर्धवट राहतं. हा अर्धकुजका थर हजारो वर्षं, वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर या वेगाने, चढत गेला आहे. हेच पीट. तिकडे त्याला 'गाम्बुत' म्हणतात. काही ठिकाणी त्याची जाडी १० मीटरच्याही वर जाते. सरकारी नकाशांप्रमाणे अशी जमीन सुमारे १ कोटी ३४ लाख हेक्टर आहे. २०११ सालच्या एका अंदाजात, ज्यात क्षेत्र यापेक्षा जास्त धरलं होतं, इंडोनेशियाच्या पीटमध्ये ५७ अब्ज टन कार्बन असल्याचं म्हटलं आहे. सगळं जग कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन सोडतं.

साचलेल्या पाण्यात पाम किंवा कागदाच्या लगद्यासाठीचा अकेशिया नीट वाढत नाही, मुळं गुदमरतात. म्हणून आधी कालवे खणतात आणि पाणी नदीकडे काढून देतात. पाण्याची पातळी खाली गेली की वरच्या थरात हवा शिरते आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं.

एका हेक्टरचा हिशोब मांडतो. ढोबळ आहे. जंगलाच्या जमिनीवरच्या झाडोऱ्यात १५० टन कार्बन धरू. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणायचं, म्हणजे ५५० टन. त्या जागी पाम आला की लागवडीच्या पूर्ण काळात सरासरी ४० टन कार्बन बागेत उभा असतो, त्याचे सुमारे १५० टन वजा करू. उरले ४०० टन, तेही एकदाच. आता खालची जमीन. आयपीसीसी (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची आंतरसरकारी समिती) हिच्या २०१३ च्या पाणथळ जमिनींवरच्या पुरवणीत, निचरा केलेल्या उष्णकटिबंधीय पीटवरच्या पामसाठी हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन हा गुणक दिला आहे, म्हणजे ४० टन कार्बन डायऑक्साइड. बाग २५ वर्षं ठेवली तर १००० टन होतात, झाडांच्या हिशोबाच्या अडीचपट. अकेशियासाठी तोच गुणक २० टन कार्बन आहे. आणि बाग म्हातारी झाली की नवी लावतात, कालवे मात्र तेच राहतात.

जाणकारांनी भर घालावी. कुठे चुकलं असेल तर जरूर दुरुस्त करा.

सोनचाफा

फार छान समजावून सांगितलंत. एक बाळबोध शंका आहे. पामची बागही हिरवीगारच असते ना? ती दरवर्षी कार्बन शोषत असणार. मग ते या वर्षाच्या ४० टनांतून वजा होत नाही का?

पाणथळ

@सोनचाफा, शंका रास्त आहे. बागेने शोषलेला आणि खोडात, पानांत, मुळांत उभा राहिलेला कार्बन मी त्या १५० टनांत आधीच धरला आहे. जो फळांत जातो तो कारखान्यात जातो, आणि तेल वापरलं की थोड्याच काळात पुन्हा हवेत. बाग वाढायची थांबली की साठाही थांबतो. खालची जमीन मात्र पाणी उतरलेलं आहे तोवर विरतच राहते.

हीच बाग साध्या खनिज मातीवर असती तर तो १००० टनांचा आकडा आलाच नसता. म्हणून "पाम चांगला की वाईट" या वादात पडण्याआधी तो कुठल्या मातीवर उभा आहे हे विचारायला हवं.

आकडेमोड

उत्तम धागा. जागतिक चित्रात हे कुठे बसतं ते थोडं सांगतो, कारण याच विषयावर दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे दिसतात आणि वाचणारा गोंधळतो.

ग्लोबल कार्बन बजेट, म्हणजे शास्त्रज्ञांचा एक गट जगाच्या कार्बनचा दरवर्षी मांडतो तो हिशोब, त्याच्या २०२३ च्या अहवालात, २०१३ ते २०२२ या दशकात जमीनवापर बदलातून वर्षाला सरासरी ४.७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड गेला असा अंदाज आहे. त्याच अहवालात २०२३ सालचं जीवाश्म इंधनांचं उत्सर्जन ३६.८ अब्ज टन आहे. जमिनीच्या वाट्यापैकी निम्म्याहून जास्त तीन देशांत : ब्राझील, इंडोनेशिया आणि काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक.

हा हिशोब ज्या पद्धतीने करतात तिला मी खतावणी म्हणतो, कारण ती खरंच खतावणीच आहे. रिचर्ड हाउटन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती मांडली. प्रत्येक जमिनीचं एक खातं. जंगलाचं शेत झालं की लाकूड, मुळं, पालापाचोळा, माती यातला कार्बन ठरावीक वेगाने खर्ची टाकायचा. काही त्याच वर्षी जळून जातो, काही फर्निचर होऊन दशकांनी, काही मातीतून हळूहळू. पडीक जमिनीवर पुन्हा रान माजलं की जमेच्या बाजूला. म्हणजे या वर्षीच्या आकड्यात वीस वर्षांपूर्वी तुटलेल्या जंगलाचेही टन असतात. पीटचा निचरा आणि पीटच्या आगी या खतावणीत मुळात नव्हत्या, त्या नंतर वेगळ्याने जोडाव्या लागल्या.

दुसरा आकडा देश स्वतः देतात. आयपीसीसीच्या नियमाने जमिनीचे सहा प्रकार असतात आणि कार्बनचे पाच साठे : जमिनीवरची झाडं, मुळं, मेलेलं लाकूड, पाचोळा, माती. या यादीत 'व्यवस्थापित' जमिनीवर जे घडेल ते सगळं देशाच्या नावावर जातं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे जंगलं आपोआप जी जास्त वाढतात, ती वाढही जमेला धरली जाते. खतावणीत ती धरत नाहीत. एवढ्या एका व्याख्येने जगभराचा फरक काही अब्ज टनांचा होतो. कुणी खोटं बोलत नाही, पण दोन आकडे एकमेकांतून वजा करायला गेलात तर फसाल.

हेक्टरचंही तसंच आहे. इंडोनेशियाच्या व्याख्येत जंगल म्हणजे किमान पाव हेक्टर, ५ मीटर उंची, ३० टक्के छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन). जागतिक अन्न व कृषी संघटना अर्धा हेक्टर आणि १० टक्के छत्र धरते. उपग्रहावरून मोजलेल्या 'वृक्षाच्छादन घट' या आकड्यात तर अकेशियाची ठरलेली कापणीही येते. त्यामुळे मी प्राथमिक, म्हणजे जुन्या नैसर्गिक जंगलाचा आकडा बघतो : २०१६ मध्ये ९ लाख २९ हजार हेक्टर गेलं, २०२१ मध्ये २ लाख ३ हजार, आणि २०२३ मध्ये पुन्हा २ लाख ९२ हजार. २०१६ नंतरची घट मोठी आणि खरी आहे, तिचं श्रेय द्यायलाच हवं. पाणथळ म्हणतात तेही तितकंच खरं आहे, की या घसरत्या रेषेखाली जुन्या कालव्यांचे टन दिसत नाहीत.

रानवाट

कालव्यांचा विषय निघाला आहे तर मध्य कालिमांतानच्या महाभात प्रकल्पाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी आदेश काढला : १० लाख हेक्टर दलदलीचं जंगल भातशेतीत बदलायचं, देश तांदळात स्वयंपूर्ण करायचा. १९९६ मध्ये यंत्रं उतरली. ४००० किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले गेले. पीटचा थर मधोमध फुगलेला असतो, उलट्या बशीसारखा. त्या फुगवट्यातून सरळ कालवा नेला की तो पाणी आणत नाही, दोन्ही बाजूंनी उपसून नेतो. कालवे सिंचनासाठी खणले आणि त्यांनी जमीन कोरडी केली. शिवाय पीट आम्ल असतं, आणि काही ठिकाणी त्याच्या खाली गंधकयुक्त माती असते. तिला हवा लागली की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. भात जवळजवळ पिकलाच नाही. जावा आणि इतर बेटांवरून आणून वसवलेली कुटुंबं तिथे अडकून पडली.

१९९७ मध्ये एल निनो (प्रशांत महासागर तापून इंडोनेशियात पाऊस ओसरतो ती स्थिती) आला आणि त्या कोरड्या जमिनीला आग लागली. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले, १९९९ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हबीबी यांनी प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला. कालवे बुजवायला कुणी आलं नाही. निर्णय घ्यायला एक सही लागली, आणि त्या जमिनीतून पाणी आजही वाहून जातं आहे.

२०२० मध्ये त्याच परिसरात नव्या 'अन्न मळ्यां'ची घोषणा झाली. २०२४ पासून पापुआतल्या मेराउके इथे ऊस आणि भातासाठी २० लाख हेक्टरच्या वरच्या योजनेवर काम चालू आहे. ही बातमी वाचली तेव्हा मला खरंच भीती वाटली.

दर्यावर्दी

मी २०१५ मध्ये नोकरीनिमित्त सुमात्रात रिआउ प्रांतात होतो. आकडे तुम्ही लोक देताच आहात, मी तिथे काय पाहिलं ते लिहितो.

ऑगस्टच्या शेवटी सकाळी हलका जळका वास यायला लागला. सप्टेंबरमध्ये समोरच्या रस्त्यापलीकडची इमारत दिसेनाशी झाली. सूर्य दुपारी बारा वाजताही नारिंगी ठिपक्यासारखा दिसायचा, त्याच्याकडे सरळ बघता यायचं. शाळा बंद, पेकानबारूचा विमानतळ बंद. घरमालकीणबाई खिडक्यांच्या फटींत ओले कपडे कोंबायच्या, आम्ही सगळे त्यांना 'इबू' म्हणायचो, म्हणजे आई. त्यांची नात दोन वर्षांची होती, रात्रभर खोकायची. कालिमांतानात तर याहून भयंकर होतं. हवेचा निर्देशांक ३०० च्या वर गेला की धोकादायक समजतात, मध्य कालिमांतानची राजधानी पालांकारायात तो २००० च्या घरात पोचला होता.

एकदा कामासाठी आत जावं लागलं. मला वाटलं होतं ज्वाळा दिसतील. ज्वाळा कुठेच नव्हत्या. काळी जमीन, तिच्या भेगांतून धूर. माझ्याबरोबरच्या स्थानिक माणसाने मला बांबूने जमीन चाचपत चालायला सांगितलं, कारण वरून शाबूत दिसणाऱ्या कवचाखाली पोकळ निखारा असतो. एक उभं झाड आमच्यासमोर आवाज न करता आडवं झालं. त्याची मुळं खालून जळून गेली होती.

सोनचाफा

दर्यावर्दी, अंगावर काटा आला. ती छोटी आता कशी आहे?

आणि एवढी यंत्रणा असताना ही आग विझत का नाही?

दर्यावर्दी

@सोनचाफा, बरी आहे. शाळेत जाते. इबू अजून फोटो पाठवतात.

पाणथळ

विझत नाही कारण ती वणव्यासारखी पसरत नाही, कोळशासारखी धुमसते. कोरडं पीट हे इंधनच आहे. आग खाली आणि आडवी सरकते, वरून टाकलेलं पाणी तिथवर पोचत नाही. शिवाय पीट एकदा खूप वाळलं की पाणी धरत नाही, ते ओघळून जातं. शेवटी पावसाळा येऊन जमिनीतलं पाणी वर चढलं तरच ती थांबते. २०१५ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस आला तेव्हा सुटका झाली. आणि धुमसत्या आगीत ज्वलन अपुरं असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि बारीक कण जास्त निघतात. कार्बन मोनॉक्साइड आणि त्या कणांमुळे तो धूर इतका विषारी.

आकडे असे : २०१५ मध्ये सुमारे २६ लाख हेक्टर जळालं, जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या आगींतून दिवसाला सरासरी १ कोटी १३ लाख टन कार्बन डायऑक्साइड जात होता. त्याच काळात संपूर्ण युरोपीय संघाचं जीवाश्म इंधनांचं दैनिक उत्सर्जन ८९ लाख टन होतं. १९९७ चा अंदाज तर ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन इतका आहे, म्हणजे त्या काळच्या जगाच्या वार्षिक इंधन-उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के.

पूर्ण भिजलेलं, न तुटलेलं दलदलीचं जंगल एल निनोच्या वर्षातही सहसा जळत नाही. आधी कालवा येतो, मग काडी.

कडुलिंब

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. युरोप-अमेरिकेने आपली जंगलं शतकांपूर्वी तोडली, दलदली सुकवल्या, त्यावर शेती आणि शहरं उभी केली. आता इंडोनेशियाच्या शेतकऱ्याने गरीब राहावं का? पाममधून हेक्टरी तीन-चार टन तेल निघतं, सोयाबीनमधून अर्धा टन. पाम सोडून दुसरं तेल घ्यायचं तर जमीन कितीतरी जास्त लागेल. आणि तिथल्या पाम क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. पाम तेलाचा सर्वात मोठा आयातदार भारत आहे, हेही आपण विसरू नये.

रानवाट

कडुलिंब, तुमचा मुद्दा मला पटतो, म्हणूनच त्यात एक भर घालतो. दोषाचं ओझं कुणावर पडलं ते बघा.

२००९ च्या पर्यावरण कायद्यात स्थानिक परंपरेने शेत करणाऱ्या कुटुंबाला २ हेक्टरपर्यंत जाळून साफ करायची मुभा आहे. बोर्निओतल्या दायाक आदिवासींची 'लादांग' शेती हीच : छोटा तुकडा, भोवती आगपट्टा, दोन-तीन वर्षं पीक, मग बरीच वर्षं ती जागा रानाला परत. खनिज मातीवर ही शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. २०१५ नंतर सरसकट बंदीची कडक अंमलबजावणी झाली तेव्हा पोलीस आधी पोचले ते अशा शेतकऱ्यांपर्यंत. हजारो हेक्टरचा परवाना असलेल्यांवरचे खटले वर्षानुवर्षं चालतात, दंड ठोठावले गेले तरी वसुली रखडते.

२०१३ च्या मे महिन्यात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की पारंपरिक समाजांची वनं, 'हुतान आदात', ही सरकारी वनं नाहीत. फार मोठा निकाल आहे. पण नकाशावर त्या हद्दी उमटायचं काम अत्यंत संथ चाललं आहे.

गरिबी हटवायला पीटच सुकवलं पाहिजे असं मात्र मला वाटत नाही. खनिज मातीवर जुन्या, कमी उत्पन्नाच्या बागा भरपूर आहेत. छोट्या शेतकऱ्याला चांगली रोपं आणि खेळतं भांडवल मिळालं तर तेल तिथेच वाढेल.

कडुलिंब

हे मान्य. २ हेक्टरच्या तरतुदीबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद.

आकडेमोड

पाणथळ, तुमच्या मूळ हिशोबावर एक आक्षेप. पाण्याची पातळी दर १० सेंटिमीटर खाली गेली की हेक्टरी वर्षाला साधारण ९ टन कार्बन डायऑक्साइड, असा २०१० च्या सुमाराचा एक गुणक बराच वापरला जातो. पामच्या बागेत पाणी ७० सेंटिमीटर खाली धरलं तर ६३ टन होतात. तुम्ही ४० घेतलेत.

पाणथळ

बरोबर पकडलंत. मी मुद्दाम कमी बाजूचा घेतला, कारण त्यानेही मुद्दा सिद्ध होतो.

फरक मोजण्याच्या पद्धतीतून येतो. एक पद्धत जमिनीवर बंद डबा ठेवून निघणारा वायू मोजते, पण त्यात झाडांच्या मुळांचा श्वासही मिसळतो, तो वेगळा काढावा लागतो. दुसरी पद्धत जमीन किती खचली ते मोजते. पण खचण्यातला काही भाग कुजण्यामुळे आणि काही नुसता दबल्यामुळे असतो, त्याची वाटणी करावी लागते. तुम्ही म्हणता तो गुणक सरळ रेषेचा आहे. आयपीसीसीचा आकडा अनेक मोजण्यांची सरासरी आहे. दोन्हींचं म्हणणं एकच आहे : पाणी जितकं खाली, तितका कार्बन जास्त.

दर्यावर्दी

खचण्याबद्दल सांगतो, कारण ते डोळ्यांनी दिसतं. तिथे खालच्या घट्ट मातीपर्यंत नळी ठोकून ठेवतात. बसवताना तिचं टोक जमिनीलगत असतं. काही वर्षांनी ते माणसाच्या कमरेपर्यंत वर आलेलं दिसतं. नळी हललेली नसते, जमीन खाली गेलेली असते. पामची झाडंही तिरकी होतात, मुळं उघडी पडतात.

पाणथळ

सुमात्रातल्या मोजणीत पहिल्या ५ वर्षांत सुमारे १.४ मीटर आणि नंतर वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास असा वेग निघाला आहे. म्हणजे २५ वर्षांत जवळजवळ अडीच मीटर. किनाऱ्याजवळची ही जमीन नदीच्या आणि भरतीच्या पातळीच्या थोडीच वर असते. ती खचत गेली की एक दिवस पाणी उताराने बाहेर जाणं थांबतं आणि बागेत पूर येऊ लागतो. तेव्हा ज्याने २५ वर्षं त्यावर घर चालवलं त्याचं पीकही जातं. कडुलिंब, गरीब शेतकऱ्याचा विचार करताना मला हीच काळजी सर्वात जास्त वाटते.

सोनचाफा

मग उपाय काय चालू आहेत?

पाणथळ

थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये प्राथमिक जंगल आणि पीटवर नवे परवाने देणं थांबवलं गेलं, २०१९ मध्ये ती स्थगिती कायमची झाली. जुने परवाने तसेच राहिले. २०१६ च्या सुरुवातीला, आगींनंतर लगेच, पीट पुनर्स्थापनेसाठी वेगळी संस्था उभी झाली, २० लाख हेक्टरहून जास्त जमीन पुन्हा भिजवायच्या उद्दिष्टाने. त्याआधीच, २०१४ मध्ये, नियम आला होता की लागवडीखालच्या पीटमध्ये पाणी ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाता कामा नये. मला विचाराल तर हा नियम सर्वात महत्त्वाचा, कारण तो हेक्टर मोजत नाही, पाणी मोजतो. तो काटेकोर पाळला जायला हवा, आणि विहिरींतल्या पातळीच्या नोंदी लोकांना बघायला मिळायला हव्यात.

पैशांच्या बाजूने : नॉर्वेने २०१० मध्ये १ अब्ज डॉलर देऊ केले होते. २०२१ मध्ये इंडोनेशियाने तो करार संपवला, २०२२ मध्ये नवा झाला आणि ५ कोटी ६० लाख डॉलर मिळाले, टनाला ५ डॉलर या दराने. कालवे बुजवायला लागणाऱ्या खर्चापुढे हे अगदी थोडं आहे.

पुन्हा भिजवल्यावर मिथेन वाढतो असा आक्षेप येतो. थोडा वाढतो, पण वाचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपुढे तो कमी आहे. ओल्या पीटवर पिकणारी झाडंही आहेत : साबुदाण्याचा सागो, चिकाचं जेलुतुंग. बाजार अजून छोटा आहे, भाव मिळाला तर शेतकरी वळतील.

दर्यावर्दी

कालवे बुजवण्याबद्दल एक राहिलं. आमच्या भागात लाकडी फळ्या आणि मातीच्या पिशव्यांचे बंधारे घातले होते. काही महिन्यांत दोन फुटले. आधी मलाही वाटलं, लोकांना पर्वा नाही. मग कळलं की त्या गावाला रस्ता नाही, तो कालवाच रस्ता होता. रबर, मासे, आजारी माणूस, सगळं होडीतून जायचं. बंधाऱ्यापाशी होडी उचलून पलीकडे न्यावी लागायची, आणि म्हाताऱ्यांना ते जमत नव्हतं. नंतरच्या बंधाऱ्यांत मधोमध एक उथळ खाच ठेवली, छोटी होडी जाईल एवढी, बाकी पाणी अडलेलं. खाच किती रुंद हवी हे गावातल्या होडीवाल्यांनीच बांबू धरून दाखवलं. मी तिथून निघालो तोपर्यंत त्यातला एकही फुटला नव्हता.